हॉपर भरलेला दाखवतो आणि आग विझते : पेलेट भट्टीचं लेव्हल दुखणं कुठून तपासायचं

घरून शेव, चिवडा, फरसाण करणाऱ्यांकडे ज्या लहान पेलेट भट्ट्या असतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. वर हॉपर, म्हणजे पेलेटचा (दाबून केलेल्या भुशाच्या कांड्यांचा) साठ्याचा डबा, खाली ते पुढे ढकलणारा स्क्रू, मग बर्नर आणि ब्लोअर. हॉपरमध्ये माल किती उरला हे सांगणारा एक सेन्सर, आणि काही ठिकाणी शेजारच्या पिंपातून आपोआप भरणा करणारा दुसरा स्क्रू. इंदूरमध्ये राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर या भागांतल्या घरगुती कारखान्यांत मी हेच दुखणं पुन्हा पुन्हा दुरुस्त करतो. बहुतेक वेळा नवा सेन्सर लागत नाही.

लक्षणं

पॅनल अर्धा हॉपर भरलेला दाखवतो, पण आग बसत जाते. तेल थंड पडतं, शेव तेल पिऊ लागते, आणि मगच कुणाचं तरी भट्टीकडे लक्ष जातं.

नाहीतर उलटं होतं. हॉपर काठोकाठ भरलेला असतो आणि ‘माल संपला’ म्हणून भोंगा वाजत राहतो.

आकडा उड्या मारतो : सत्तर, वीस, पंच्याऐंशी, पुन्हा सत्तर. ब्लोअर सुरू झाला की जास्तच.

आपोआप भरणारा स्क्रू थांबत नाही आणि पेलेट जमिनीवर सांडतात. किंवा तो सुरूच होत नाही.

सगळं उन्हाळाभर नीट चालतं आणि जूनअखेर पाऊस लागला की बिघडतं.

यापैकी काहीही असेल तर पुढे वाचा. पण हॉपरमधून किंवा स्क्रूच्या नळीतून धूर येत असेल, नळी हाताला चटका देत असेल, तर तपासणी करत बसू नका. आग उलटी हॉपरकडे सरकते आहे. झाकण उघडू नका, कारण हवा मिळाली की धुमसणारा माल पेट घेतो. भट्टीच्या पुस्तिकेत आणीबाणीला जे बटण सांगितलंय ते दाबा, घरातल्यांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. कढईत गरम तेल असेल तर पाण्याची बादली त्या खोलीत आणायचीच नाही.

पहिलं काम : झाकण उघडून डोळ्यांनी बघा

याला पैसा लागत नाही आणि निम्म्याहून जास्त वेळा उत्तर इथेच सापडतं. भट्टी विझवून थंड होऊ द्या, मुख्य स्विच बंद करा, मगच झाकण काढा. बॅटरी मारून आत बघा.

दोन गोष्टी दिसू शकतात. एक म्हणजे मालाने कमान धरलेली असते : वरचा थर तसाच, खाली पोकळी, आणि स्क्रूच्या तोंडाशी काहीच नाही. दुसरी म्हणजे मधोमध सरळ भोक पडलेलं असतं, कडेचा माल भिंतींना चिकटून उभा आणि मधला तेवढा खाली गेलेला. दोन्ही वेळा सेन्सर बरोबरच सांगत असतो. तो ज्या जागेकडे बघतो तिथे माल आहे. स्क्रूपाशी माल आहे की नाही, हे त्याला कळायचा मार्गच नाही. राजेंद्र नगरातल्या एका काकूंनी दुसऱ्यांदा नवा सेन्सर बसवून घेतला होता. मी काठीने कमान पाडली आणि जुनाच सेन्सर परत लावून दिला. तो आजही चालतोय.

झाकण न उघडता हे ओळखायचं असेल तर थोडा हिशेब करा. पेलेटचं वजन लिटरमागे साधारण ६०० ते ६५० ग्रॅम भरतं. म्हणजे १०० लिटरच्या हॉपरमध्ये ६० ते ६५ किलो माल मावतो. तुमची भट्टी तासाला ६ किलो खात असेल तर तासाभरात पातळी दहा टक्क्यांच्या आसपास उतरायलाच हवी. आग नीट जळते आहे आणि आकडा मात्र तासभर हलला नाही, तर आत कमान धरते आहे असं समजा. अजून आग विझलेली नसते, त्यामुळे ही खूण वेळेवर मिळते. भट्टीशेजारी भिंतीवर एक कागद लावून दर तासाचा आकडा लिहायची सवय कारागिराला लावा. त्या कागदावरून मला जेवढं कळतं, तेवढं पॅनलवरून कळत नाही.

कमान पाडायला लाकडी काठी किंवा रबरी हातोडा. लोखंडी हातोड्याने पत्र्याला पोचे पडतात आणि पुढच्या वेळी माल त्याच पोच्याला अडतो. हात स्क्रूपर्यंत कधीही घालायचा नाही, स्विच बंद असला तरी. स्क्रू टायमरवर चालतो, पंधरा सेकंद थांबून पाच सेकंद फिरतो. घरात दुसऱ्या कुणी स्विच चालू केला तर काढून घ्यायला वेळ मिळत नाही.

कमान का धरते

इथे मी जरा जास्त थांबतो, कारण काठी मारून सुटका आठवड्यापुरतीच होते.

मुख्य कारण ओल. चांगल्या पेलेटमध्ये ओल दहा टक्क्यांच्या आत असते. पेलेट म्हणजे नुसत्या दाबाने घट्ट केलेला भुसा. पाणी लागलं की तो फुगतो, तुटतो आणि भुकटी होतो. आपल्या माळव्यात मे महिन्यात हवा इतकी कोरडी की पोतं उघडं राहिलं तरी काही होत नाही, आणि जुलैत तेच पोतं भिंतीला टेकून ठेवलं तर खालचा थर मऊ पडतो. पोती जमिनीवर ठेवू नका. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. पावसाळ्यात हॉपर रात्रभर भरलेला सोडू नका. सकाळी लागेल तेवढाच भरा.

पेलेट बोटांत धरून मोडून बघा. चांगला पेलेट कट्‌ आवाज करून तुटतो. वाकतो किंवा नुसता भुगा होतो तो हॉपरमध्ये घालू नका.

दुसरं कारण भुकटी. पोत्याच्या तळाशी जो बारीक चुरा असतो तो सरळ हॉपरमध्ये ओतला जातो. हा चुरा पेलेटांच्या फटींत बसून त्यांना जखडतो. तीन मिलिमीटरची लोखंडी जाळी चौकटीला ठोकून हॉपरवर ठेवा आणि माल त्यावरून ओता. स्वयंपाकाची चाळणी यासाठी वापरू नका, ती वेगळीच राहू द्या.

तिसरं म्हणजे हॉपरचा उतार. बाजू जेमतेम ४५ अंशांवर असेल तर कोरडा माल सरकतो, पण ओलसर माल अडतो. ५५ ते ६० अंश असला तर चिंता नाही. उतार बदलता येत नसेल तर आतून गुळगुळीत स्टेनलेस पत्रा बसवून घेतला तरी बराच फरक पडतो. आणि ६ मिलिमीटर व १० मिलिमीटरचे पेलेट एकत्र करू नका. स्वस्त मिळाला म्हणून सोयाबीनच्या काडाचा आणि लाकडाच्या भुशाचा माल मिसळणारे पुष्कळ आहेत. जळायला दोन्ही चालतात, पण दोघांची राख वेगळी आणि लांबीही वेगळी. काडाच्या मालात राख जास्त, बर्नरमध्ये खंगर (वितळून घट्ट झालेली राख) धरतं, हवेची वाट अडते. मग आग मंदावल्याचं खापर पुन्हा लेव्हल सेन्सरवर फुटतं. म्हणून हॉपर बघताना बर्नरची जाळीही बघून घ्या.

सेन्सरचं तोंड पुसा

कोरडं मऊ फडकं किंवा रंगाचा नवा ब्रश पुरतो. ओलं फडकं नको, कारण ओल्या तोंडावर धूळ लगेच लेपासारखी बसते. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. लाकडाची बारीक भुकटी हवेत उडाली आणि जवळ निखारा असला तर ती भडकते.

धूळ प्रत्येक सेन्सरला वेगळी फसवते. कपॅसिटिव्ह सेन्सर म्हणजे हॉपरच्या भिंतीत बसवलेला तो गोल दंडगोल, मागे छोटा दिवा असलेला. त्याच्या तोंडावर भुकटीचा थर बसला की त्याला समोर कायम माल आहे असंच वाटतं. हॉपर रिकामा झाला तरी दिवा जळत राहतो. ‘भरलेला दाखवतो आणि आग विझते’ याचं कमान धरण्याखालोखालचं कारण हेच. वरून आवाजाच्या लहरी सोडणाऱ्या अल्ट्रासोनिक सेन्सरच्या जाळीत धूळ भरली की प्रतिध्वनी अशक्त होतो आणि आकडा उड्या मारतो. प्रकाशाचा किरण आरपार सोडणारे सेन्सर धुळीत सगळ्यात आधी हार मानतात. पेलेटसाठी ते घेऊच नका.

पुसल्यावर खात्री करा. कपॅसिटिव्ह सेन्सर असेल तर रिकाम्या हॉपरमध्ये, मुख्य स्विच बंद ठेवून, फक्त पॅनलचा पुरवठा देता येत असेल तर तो देऊन, पेलेटने भरलेली पातळ प्लास्टिकची पिशवी तोंडाशी धरा. दिवा लागायला हवा. काढा, विझायला हवा. एवढं झालं तर सेन्सर धडधाकट आहे.

वायर आणि पुरवठा

ब्लोअरच्या थरथरीने वायर पकडणारे टर्मिनलचे बारीक स्क्रू सैल होतात. पॅनलचा पुरवठा बंद करून एकेक वायर हलक्या हाताने ओढून बघा. हातात आली तर सापडलं. बेसनाच्या वासाने उंदीर येतात आणि वायर कुरतडतात. खालच्या बाजूने वायर कुठून जाते ते पूर्ण बघा, विशेषतः भिंतीच्या भोकापाशी.

मल्टिमीटर असेल तर सेन्सरच्या टोकाशी व्होल्टेज मोजा. पॅनलपाशी मोजून उपयोग नाही, कारण पडलेलं व्होल्टेज वायरच्या दुसऱ्या टोकालाच कळतं. कारखान्यात वापरतात ते डीसी सेन्सर बहुधा १० ते ३० व्होल्टवर चालतात, म्हणजे २४ व्होल्टचे २२ झाले तर बिघडत नाही. पण घरी जुळवलेल्या ५ व्होल्टच्या सर्किटला अर्धा व्होल्ट पडला तरी त्रास होतो. ब्लोअर सुरू होताना आकडा उडत असेल तर सेन्सरची वायर ब्लोअरच्या वायरसोबत एकाच पट्टीत बांधलेली आहे का बघा. दोन्ही वेगळ्या वाटेने न्या. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडू द्या. पॅनलचं अर्थिंग खरंच जोडलेलं आहे ना, हेही बघून घ्यायला हवं. पण २३० व्होल्टच्या बाजूला हात घालायची सवय नसेल तर इथे थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

महाराणी रोडवरून साधा मल्टिमीटर आणून ठेवलात तर पुढची कित्येक वर्षं उपयोगी पडतो.

बसवण्याची जागा आणि सेटिंग

इथून पुढे थोडं शांतपणे करायचं काम आहे.

अल्ट्रासोनिक सेन्सरला जवळचं दिसत नाही. एचसी-एसआर०४ या साध्या अल्ट्रासोनिक सेन्सरला दोनेक सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही, तर पाण्यापासून बचाव केलेल्या जेएसएन-एसआर०४टीला वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं. हॉपर काठोकाठ भरला की माल या आंधळ्या पट्ट्यात येतो आणि सेन्सर काहीबाही सांगतो. ‘भरलेला असून रिकामा दाखवतो’ ही तक्रार बहुधा इथली. झाकणावर छोटा उंच डबा बसवून सेन्सर वर उचला, किंवा तेवढी जागा रिकामी सोडून भरा. शिवाय लहर सरळ रेषेत जात नाही, ती पसरत जाते. अरुंद हॉपरमध्ये ती आधी भिंतीला आपटते. सेन्सर भिंतीपासून लांब, मधोमध हवा, पण नेमका माल ओतण्याच्या धारेखाली नको. माल नेहमी ढिगासारखा पडतो, मधे उंच आणि कडेला खाली. त्यामुळे दाखवलेली टक्केवारी अंदाजाचीच असते, ती ग्रॅममध्ये धरू नका.

उन्हाळ्यातल्या उकाड्याचा परिणाम लोकांना वाटतो तेवढा नसतो. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५ च्या आसपास. साठ सेंटिमीटरवर दोन सेंटिमीटरचा फरक पडतो, एवढंच. पण एका मोजणीवर विश्वास ठेवू नका. सात-नऊ मोजण्या घेऊन त्या लहान-मोठ्या क्रमाने लावा आणि मधली घ्या. सरासरी घेतलीत तर एक चुकीचा आकडा सगळं ओढून नेतो, मधली घेतली तर तो बाजूला पडतो. घरी ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डवर जुळवणाऱ्या मुलांसाठी : एचसी-एसआर०४चा इको पाय ५ व्होल्ट देतो आणि ईएसपी३२ ला ३.३ व्होल्टच चालतात. मधे दोन रेझिस्टरांची विभागणी हवीच.

कपॅसिटिव्ह सेन्सरच्या मागे संवेदनशीलतेचा बारीक स्क्रू असतो. कोरडा पेलेट या सेन्सरला फिका दिसतो, ओला ठळक. म्हणून सेटिंग नेहमी सगळ्यात कोरड्या मालावर करा : तोंडाशी माल असताना दिवा लागेपर्यंत फिरवा, मग माल काढून दिवा विझतो का ते बघा. पावसाळ्यात ओल्या मालावर केलेलं सेटिंग हिवाळ्यात माल ओळखत नाही. आणि तो लोखंडी पत्र्याच्या पलीकडचं ओळखू शकत नाही. पत्र्याला भोक पाडून किंवा प्लास्टिकची खिडकी करूनच बसवावा लागतो.

वजनकाट्याचे लोड सेल बसवले असतील तर हॉपर सगळीकडून मोकळा उभा हवा. भिंतीला टेकला, किंवा बर्नरशी ताठ नळीने बांधला गेला, की वजनाचा काही भाग नळीच उचलते. मधे लवचीक जोड द्या. कमान धरली तरी लोड सेल फसत नाही असं लोक सांगतात. किती माल आहे ते तो बरोबर सांगतो, पण तो माल स्क्रूपर्यंत पोचतोय की नाही ते त्यालाही कळत नाही.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर माझं मत फिरत्या पात्याच्या स्विचला. छोटी मोटर पातं हळू फिरवत राहते, माल आला की पातं अडतं आणि स्विच पडतो. तो फक्त आहे किंवा नाही एवढंच सांगतो, टक्के दाखवत नाही, पण धुळीत टिकतो. पेन्सिल्व्हेनियात अजूनही काही घरं अँथ्रासाइट कोळशाच्या स्टोकरवर (कोळसा आपोआप भरणाऱ्या भट्टीवर) तापवतात. तिथे कोळसा, इथे पेलेट, पण हॉपरमध्ये धूळ आणि अडकणारा माल दोन्हीकडे आहेच, आणि अशा मालाला साधं यंत्रच जास्त पुरतं.

आपोआप भरण्याची जोडणी

भरणारा स्क्रू सुरू करायला आणि थांबवायला एकच सेन्सर वापरला असेल तर तो मिनिटामिनिटाला चालू-बंद होतो. मग रिलेचे संपर्क जळून चिकटतात आणि एक दिवस तो थांबतच नाही. दोन पातळ्या हव्यात : खालची सुरू करणारी, वरची थांबवणारी. पातळी बदलली असं मानण्याआधी चार-पाच सेकंद ती टिकू द्या, कारण पडणारे पेलेट सेन्सरसमोरून जातात. त्याखेरीज वेळेची मर्यादा हवी. भरायला साधारण तीन मिनिटं लागत असतील तर पाच मिनिटांनी स्क्रू बंद पडून भोंगा वाजायला हवा, सेन्सर काहीही म्हणो. आणि सेन्सरची वायर तुटली तर भरणं थांबलं पाहिजे, चालू राहता कामा नये. वायर काढून बघा, कळेल.

खालची पातळी कुठे ठेवायची याबद्दल मी हट्टी आहे. पुष्कळ जण ती अगदी तळाशी ठेवतात, माल वाया जाऊ नये म्हणून. पण स्क्रूच्या तोंडावर पेलेट भरलेले असणं हेच आगीला मागे येण्यापासून अडवणारं एक बूच आहे. हॉपर पुरता रिकामा झाला की नळीतून हवेला वाट मिळते आणि त्याच वाटेने आग हॉपरकडे येऊ शकते. म्हणून भोंगा वाजेल तेव्हाही स्क्रूवर निदान वीतभर माल असायला हवा. नळीवर तापमानाचा सुरक्षा-स्विच असतो, तो सारखा ट्रिप होतो म्हणून कुणी वायर जोडून बायपास केलेला असेल तर भट्टी आजच बंद करा. तो ट्रिप का होतो हे शोधायचं. बायपास केलेल्या भट्टीवर मी सेन्सरचं काम घेत नाही.

इथे थांबा

स्क्रू फिरत नाही आणि मोटर नुसती गुणगुणते : अडकलेला दगड, तुटलेली शिअर पिन (जास्त जोर आला की आधी तुटणारी खीळ), गेलेला कपॅसिटर किंवा गिअरबॉक्स. शिअर पिन तुटणं हेच तिचं काम आहे. तिच्या जागी कडक बोल्ट घातलात तर पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुटतो. कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही विजेचा भार राहतो. हे काम मोटर दुरुस्त करणाऱ्याचं.

सुरक्षा-स्विच दोनदा ट्रिप झाला, नळीवरचा रंग भाजून काळा पडला, हॉपरमध्ये एखादा जळका पेलेट सापडला, पॅनलला शॉक लागतो, एमसीबी पुन्हा पुन्हा पडते : यांपैकी एकही असेल तर भट्टी पेटवू नका, बनवणाऱ्याच्या माणसाला बोलवा. खोलीत काम करताना डोकं दुखत असेल, गरगरत असेल, तर तो कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नसतो. बाहेर मोकळ्या हवेत या, ज्याला जास्त त्रास होतोय त्याला दवाखान्यात न्या आणि धुराड्याची तपासणी झाल्याशिवाय भट्टी लावू नका. दिवाळीची ऑर्डर अडली असेल तर ते दोन दिवस गॅसवर काढा. एक किलो गॅसचं काम साधारण तीन किलो पेलेट करतात, म्हणजे किती सिलिंडर लागतील त्याचा हिशेब लावता येईल.

मिस्त्रीला फोन करताना या गोष्टी हाताशी ठेवा : भट्टीच्या पाटीचा फोटो, सेन्सरच्या अंगावरचा नंबर, माल कुठला आणि किती मिलिमीटरचा, बिघाड ब्लोअर चालू असताना होतो की बंद असताना, आणि भिंतीवरच्या त्या तासागणिक कागदाचा फोटो. एवढं कळलं तर तो योग्य सामान घेऊनच येतो आणि एका फेरीत काम होतं.